प्रत ज्याची त्याची

आत्या 1960च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला राहायला गेली, तेव्हा भाड्याच्या खोलीबरोबर तिला घरमालकीणबाईंच्या गप्पाही मिळाल्या. बाईंची गाडी नेहमी युद्धकाळाशी येऊन थांबे. मे 1942 मध्ये साखरेचं रेशन सुरू झालं, माणशी आठवड्याला अर्धा पौंड. मग कॉफी. 1943च्या मार्चात मांस, लोणी, चीज. तव्यात उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायची. तिच्यातून ग्लिसरीन काढून दारूगोळा करत. शाकाहारी आत्याच्या पोटात ढवळायचं, पण ती ऐकायची.

एकदा तिनंही सांगितलं. त्याच 1943च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आलं. आजी गिरगावातल्या रांगेत उभी राहून कंट्रोलचा तांदूळ आणायची आणि संध्याकाळभर खडे निवडत बसायची. बंगालात तर त्या वर्षी लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्यानंतर साखरेचा विषय निघाला की बाई आधी विचारत, "आणि तुमच्याकडे तेव्हा काय मिळायचं?"

आत्यानं ते घर सोडलं तेव्हा बाईंनी स्वतःचं 'द जॉय ऑफ कुकिंग' तिच्या हातात ठेवलं. 1943ची, रेशनच्या दिवसांतली आवृत्ती. आता ती आमच्याकडे आहे. एका केकच्या कृतीत साखरेचं माप पेन्सिलीनं खोडून शेजारी मधाचं लिहिलंय. सोयाबीनच्या पानावर आत्याच्या अक्षरात 'हिंग, मोहरी, मिरची'.

लेखिका इर्मा रोम्बॉवर सेंट लुईसच्याच. 1930 साली नवऱ्यानं आत्महत्या केली. पन्नाशी उलटलेल्या इर्माबाईंनी शिल्लक मोडून 1931मध्ये पुस्तकाच्या 3,000 प्रती पदरच्या पैशानं काढल्या, त्याही बुटांच्या कंपन्यांची लेबलं छापणाऱ्या छापखान्यातून. मुखपृष्ठ लेक मॅरियननं केलं. इंडियानापोलिसच्या बॉब्स-मेरिल कंपनीनं आधी नकार दिला आणि 1936मध्ये पुस्तक काढलं. वकिलाचा सल्ला न घेता केलेल्या करारात बाई कॉपीराइटच देऊन बसल्या, स्वखर्चानं छापलेल्या पहिल्या आवृत्तीचासुद्धा.

ही कंपनी कायद्याची पुस्तकं छापण्यात मुरलेली. हक्क कसा धरून ठेवायचा हे तिला नेमकं ठाऊक होतं. फक्त एकदा तिचा हात पोळला होता. 'द कास्टअवे' या कादंबरीत तिनं छापलं होतं की, एक डॉलरहून स्वस्त विकाल तर तो हक्कभंग. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानानं ती 89 सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1908मध्ये कंपनी हरली. एकदा विकलेल्या प्रतीवर पुढच्या विक्रीची किंमत प्रकाशकानं लादायची नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

1943 मात्र कंपनीला लाभलं. आयन रँडची 'द फाउंटनहेड' तिनं त्याच वर्षी काढली; मागणी वाढली तर छापायला कागद पुरेना. रोम्बॉवरबाईंचं झटपट स्वयंपाकाचं 1939चं पुस्तक फारसं खपलं नव्हतं. त्यातल्या कृती 'जॉय'च्या नव्या आवृत्तीत घेतल्या आणि टंचाईतल्या स्वयंपाकाची जोड दिली. पुस्तक लाखांनी खपलं. 1946च्या आवृत्तीतून रेशनचा मजकूर गेला.

पुस्तकाच्या हक्कांवरून मायलेकींचं आणि कंपनीचं जुंपलेलं भांडण मात्र काही मिटलं नाही. 1962मध्ये मॅरियनच्या संमतीशिवाय नवी आवृत्ती बाजारात आली. इर्माबाई त्याच वर्षी वारल्या. मॅरियननं मागाहून ती दुरुस्त करून घेतली.

जिनं कृती लिहिल्या तिला आपल्याच पुस्तकासाठी भांडावं लागलं. घरमालकीणबाईंना मात्र आपली प्रत आत्याला देताना कुणाची परवानगी लागली नाही, आणि त्यात हिंग-मोहरी घालायला आत्यालाही नाही. विकत घेतलेली प्रत पुढे देण्याचा वाचकाचा हक्क ज्या खटल्यात पक्का झाला, तो याच कंपनीनं लढवला होता, वाचकाच्या विरुद्ध बाजूनं.