ठाणें-कल्याणकडील जुनीं रुप्याचीं भांडीं

ठाणें इंग्रजांनीं १७७४ च्या डिसेंबरांत घेतलें. पुढें मुंबईहून आगगाडी ठाण्यास १८५३ सालीं व कल्याणास १८५४ सालीं पोंचली. या भागांत जुनें रुपें जमविणारास देशी पळी-पंचपात्रीबरोबर विलायती चमचे-कांटेही पारखतां आले पाहिजेत. दोहोंची परीक्षा मात्र भिन्न आहे. इंग्लंडांतील रुप्यावर चालत्या सिंहाची मुद्रा असल्यास हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी समजावी. शहराची मुद्रा व वर्षाक्षर यांवरून स्थळ व साल निघतें. राजमस्तकाचा करदर्शक शिक्का असल्यास तें काम १७८४ ते १८९० मधील होय. आमच्या जुन्या भांड्यांस अशी सरकारी मुद्रांची पद्धत नव्हती. कांठावर धन्याचें नांव घातलेलें असल्यास तोच दाखला. आणि भांडें मूळ घरापासून तुटलें कीं त्या नांवाचाही उलगडा होत नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, भांडें घेतांनाच त्याचें वजन, घराणें, गांव व तें कोणत्या कार्यांत आलें ही हकीकत टिपून ठेवावी. अक्षरांचा ठसा घेतल्यावांचून तें चिंचेनें घासूं नये. जीर्ण कागदाची नक्कल करून ठेवतां येते; मुशींत गेलेल्या भांड्याची मागून करतां येत नाहीं.