‘म्हंजे कोनते वानखडे?’ : एका प्रश्नाचा मागोवा

वऱ्हाडात नुसत्या आडनावावरून जात कळत नाही. वानखडे, इंगळे, तायडे ही आडनावं कुणब्यांत आहेत तशी बौद्धांतही आहेत, आणखीही जातींत सापडतात. त्यामुळे इथे आडनाव सांगून माणसाची सुटका होत नाही. पुढचा प्रश्न येतोच : “म्हंजे कोनते वानखडे?” अकोल्यात खोली भाड्याने घेताना तो येतो, सोयरिकीच्या बोलण्यात येतो, कॉलेजच्या पहिल्या दिवशी येतो. विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा आपुलकीचा असतो. समुपदेशकाच्या टेबलावर हा प्रश्न आला की मात्र फार काही बिघडतं. तिथे माणूस मन मोकळं करायला आलेला असतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्याला आपण कुठे उभे आहोत हे सांगावं लागतं.

हा प्रश्न गावगाड्यात जन्मलेला नाही. जुन्या गावात त्याची गरजच नव्हती. कोण कोणत्या वस्तीतला, कोणी कुठवर यायचं, कोणाला पाणी वरून ओतायचं, हे सगळ्यांना पाठ होतं. प्रश्न आला तो अनोळखी माणसं एकमेकांना भेटू लागली तेव्हा. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 65 या काळात अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली, अकोला, खामगाव, अमरावती या बाजारपेठा फुगल्या. 1867 मध्ये वऱ्हाडची पहिली खानेसुमारी झाली, 1881 च्या खानेसुमारीचा अहवाल किट्स या अधिकाऱ्याने लिहिला आणि जात हा सरकारी कागदावरचा रकाना झाला. गावात जे न बोलता कळत होतं, ते शहरात विचारून घ्यावं लागू लागलं.

त्यानंतरचा टप्पा वसतिगृहांचा आणि देवळांचा. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 मध्ये चळवळ उभी राहिली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. विलायतेहून शिकून आलेले पंजाबराव देशमुख या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. जातपात न पाहता मुलांना ठेवून घेणारं श्रद्धानंद छात्रालय त्यांनी याच काळात अमरावतीत काढलं. दारं उघडली, हे काम थोर होतं. पण दार उघडल्यावर आत काय बोललं जातं, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका पंगतीला बसली आणि ‘कोणते?’ हा प्रश्न पंगतीपर्यंत पोचला.

गाडगेबाबांचं उदाहरण इथे आठवतं. शेंडगावच्या परीट घरात 1876 मध्ये जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना लोकांनी आडनावाने कधी ओळखलंच नाही. हातातल्या गाडग्याने ओळखलं. कीर्तनात तेही प्रश्नच विचारत. पण तो प्रश्न समोरच्याची पायरी ठरवण्यासाठी नसे. त्याला स्वतःच्या वागण्याकडे बघायला लावण्यासाठी असे. विचारण्याची ही दुसरी रीत वऱ्हाडाची स्वतःची आहे. समुपदेशनाच्या वर्गात ती शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि उत्तर बदललं. माणूस ताठ मानेने ‘बौद्ध’ म्हणू लागला. तेव्हा प्रश्नाने आणखी एक शेपूट काढलं : “म्हणजे आधीचे कोण?” माणसाने जे मागे टाकलं, तेच त्याच्या हातात परत ठेवणारा हा प्रश्न आहे. शिवी नाही, हात उगारलेला नाही. 1989 चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा चारचौघांत जाणूनबुजून केलेल्या अपमानाला शिक्षा देतो. हे बोचणं त्याच्या हाती लागत नाही.

अशा बोचण्याला नाव दिलं ते चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने, 1970 मध्ये : मायक्रोअ‍ॅग्रेशन. 2007 मध्ये डेराल्ड विंग सू यांनी त्याचे प्रकार मांडले. जेसी ओवेन आणि सहकाऱ्यांचा 2014 चा अभ्यास तर प्रत्येक प्रशिक्षणार्थीने वाचावा असा आहे. समुपदेशन घेणाऱ्या वंशाने अल्पसंख्य विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना आपल्याच समुपदेशकाकडून असा अनुभव आला होता आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या बाबतीत त्यावर पुढे बोलणंच झालं नव्हतं. माझ्या लेखी खरा दोष या दुसऱ्या आकड्यात आहे. बोलताना चूक होतेच. ती तशीच सोडून दिली की नातं तुटतं.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या छायेत, 2011 नंतर, अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम चालला. गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांना त्यात समुपदेशनाचं शिक्षण दिलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. ही मोठीच गोष्ट आहे. जवळचा माणूस, आपली बोली, म्हणून लोक बोलले. पण जवळच्या माणसाला आपली वस्तीही ठाऊक असते. जिथे ‘कोणते?’ विचारावंच लागत नाही, तिथे कोणाच्या ओट्यावर बसायचं, कोणाच्या घरचा चहा घ्यायचा, यातूनच उत्तर दिलं जातं. गावातल्या समुपदेशकाच्या शिक्षणात चहाचा हा कप आलाच पाहिजे.

आणि एकट्या जातीचंच हे नाही. अचलपूरच्या किंवा बाळापूरच्या मुसलमान माणसाला, ज्याच्या कित्येक पिढ्या वऱ्हाडी बोलत आल्या, “तुमचं मराठी किती छान हो!” म्हणणं. मेळघाटातल्या कोरकू बाईने भूमकाचं, म्हणजे तिच्या गावच्या पारंपरिक वैदूचं, नाव काढताच तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान देणं. ज्या प्रशिक्षणार्थीच्या ‘पाह्यतो’, ‘करून राह्यलो’ला शहरातल्या वर्गात हसलं गेलं, तोच पुढे धारणीत कोरकू माणसाच्या मराठीला हसतो. वर्गातली जखम वर्गातच भरली नाही तर ती अशी खाली उतरते.

ती भरायची कशी, याचाही इतिहास आहे. एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये समुपदेशक आणि आलेला माणूस यांच्यातल्या युतीची मांडणी केली. ती युती ताणली जाणारच, आणि ताण बोलून सोडवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे ते असं दिसेल : “भाऊ, मघाशी मी ‘कोणते वानखडे’ म्हणून विचारलं. तुमच्या दुःखाशी त्याचा संबंध नव्हता. तुम्ही त्यानंतर गप्प झालात. चूक माझी आहे. तुम्हाला काय वाटलं ते सांगावंसं वाटलं तर मी ऐकतो. नाही सांगितलं तरी चालेल.” एवढंच. “माझ्या मनात तसं काही नव्हतं” हे वाक्य त्यात नको. आपल्या घरी सगळ्या जातींचे लोक जेवून जातात, ही माहितीही नको. डोळ्यांत पाणी आणून समोरच्यालाच आपली समजूत काढायला लावणं तर मुळीच नको. आधी बोलण्याची जबाबदारी ज्याचं पारडं जड आहे त्याची, म्हणजे समुपदेशकाची. आणि वर्गात ती शिक्षकाची. शिक्षक विद्यार्थ्यासमोर असं बोलला नाही, तर विद्यार्थी हे पुस्तकातून शिकणार नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 ने जात, धर्म, संस्कृती यांवरून भेद न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. अमरावती-अकोल्यात समुपदेशन शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : येत्या सत्रापासून ही चूक-कबुली विद्यार्थ्यांकडून मोठ्याने बोलून घ्या, पुन्हा पुन्हा घ्या, आणि सुरुवात तुम्ही स्वतः करा.