आठ बहिणींतली थोरली

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. राण्या-महाराण्यांवर लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. म्हणून मी एका दुकानदाराच्या मुलीची हकीकत लिहावयाचे ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी भाषेकडे न पाहता मजकुराकडे पाहावे, ही विनंती.

डाळीचे पीठ, हळद, साय यांनी कांती राखण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण दुसरीच्या चेहऱ्याची निगा राखणे हा बाईच्या पोटापाण्याचा आणि मानाचा व्यवसाय होऊ शकतो, हे ज्या थोड्या बायकांनी जगाला दाखविले त्यांत हेलेना रुबिनस्टाइन ही एक.

तिचा जन्म १८७२ सालचा, क्राको शहरातला. आजच्या पोलंडमधले हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. ज्यू कुटुंब, वडिलांचे लहानसे दुकान, आणि पदरी आठ मुली. त्यांत ही थोरली. वडिलांनी पाहिलेले स्थळ तिने नाकारले आणि १८९६ साली ती ऑस्ट्रेलियात कोलरेन गावी मामाकडे गेली. तो सारा मेंढ्यांचा मुलुख. उन्हावाऱ्याने तेथल्या बायकांच्या चेहऱ्याची कातडी रापलेली असे. मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो कातडीतला ओलावा धरून ठेवतो. त्याचा उग्र वास सुगंधी द्रव्यांनी झाकून तिने मलम तयार केले.

मेलबर्नला आल्यावर तिने चहाच्या उपाहारगृहात वाढण्याचे कामही केले. पुढे १९०२-०३ च्या सुमारास त्याच शहरात तिने आपले सौंदर्यगृह उघडले आणि 'व्हालाझ' नावाने मलम विकू लागली. नुसती डबी हातात देऊन ती थांबत नसे. आलेल्या बाईची त्वचा कोरडी, तेलकट की साधारण, हे पाहून त्याप्रमाणे उपाय सांगे. आज कोणत्याही पार्लरात पहिला प्रश्न हाच विचारतात. युरोपात जाऊन त्वचेच्या डॉक्टरांकडूनही तिने ज्ञान मिळविले.

लंडनला १९०८, पॅरिसला १९१२ आणि न्यूयॉर्कला १९१५ साली तिची सौंदर्यगृहे निघाली. हाताशी कोण, तर पाठच्या बहिणी! १९२८ साली तिने अमेरिकेतला धंदा सुमारे ७३ लाख डॉलरना विकला, आणि १९२९ ची मंदी येऊन भाव कोसळल्यावर पंधरा लाखांच्या आसपास तोच परत घेतला. न्यूयॉर्कमध्ये ज्यू म्हणून तिला घर भाड्याने नाकारले, तेव्हा तिने ती सबंध इमारतच विकत घेतली, असे सांगतात. १९६५ साली ती वारली.

तिचे सारेच अनुकरणीय होते असे मात्र नाही. कार्पेथियन डोंगरातल्या दुर्मीळ वनस्पतींचे मलम म्हणून ती जाहिरात करी. मुख्य गुण होता तो मेंढीच्या लोकरीचा. या धंद्यात अतिशयोक्ती तेव्हापासूनच आहे, आणि तिचे परिणाम कधीकधी भयंकर होतात. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांना लावावयाच्या एका रंगाने बायकांचे डोळे गेले. त्यानंतर १९३८ साली तेथे सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आली. आपल्याकडे १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने त्यांचा समावेश झाला. तरीही गोरे करण्याच्या नावाखाली पारा घातलेली मलमे विकली जातात आणि त्याने मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून या कामात शिकलेला हात हवा.

हे सारे लिहिण्याचे कारण घरचेच आहे. माझी भाची यंदा बारावी झाली. सरकारी आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, तो तिला करावयाचा आहे. "लोकांची तोंडे पुसायला का शिकवलं तुला?" असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला विचारले. पोर दोन दिवस जेवली नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, "भाऊ, सुईण काय, नर्स काय, दुसऱ्याच्या देहाचीच सेवा करतात. त्यांना आपण हात जोडतो ना?" अद्याप होकार आलेला नाही, पण नकारही पहिल्याइतका मोठ्याने येत नाही.

भगिनींनो, आपल्या गल्लीतही घरच्या एका खोलीत पार्लर चालवून मुलांच्या फिया भरणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे जाताना आपण पैशांची घासाघीस करतो, आणि आपल्या मुलीने तेच काम करावयाचे म्हटले की नाक मुरडतो. हे दोन्ही सोडावे. माझी नम्र सूचना अशी की, पुढील वर्षी मंडळाच्या मदतनिधीतून निदान एका मुलीच्या अशा शिक्षणाची फी द्यावी. अट एकच: तिने डबीवरचा मजकूर वाचल्याखेरीज कोणाच्या चेहऱ्याला काही लावू नये.