थंड मॅकरोनीला स्टेक भेटेपर्यंत

अमेरिकेत उन्हाळा आला की अंगणातल्या जेवणांत एक भरभक्कम सॅलड हमखास दिसतं. थंड पास्ता, टोमॅटो, कांदा, थोडा हिरवा पाला, तेल आणि व्हिनेगरचं ड्रेसिंग आणि वर निखाऱ्यावर भाजलेल्या स्टेकचे पातळ काप. खाणाऱ्याचं लक्ष स्टेककडे जातं, नावही त्याचंच होतं. पण हा पदार्थ उभा आहे तो गव्हावर. मऊ दाण्याच्या गव्हातून हे सॅलड जन्मालाच आलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हा पदार्थ ज्या गव्हावर उभा आहे तो म्हणजे ड्युरम. आपल्याकडे तो बन्सी म्हणून ओळखला जातो. दाणा कडक, पिवळसर, काचेसारखा. दळला की त्याचा रवा पडतो. शेवयांसाठी जुन्या बायका बन्सीच शोधत, आणि रुखवतात मांडायचे गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे ज्यांनी हाताने वळले त्यांना पास्ता म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ सारख्या ड्युरमच्या जाती विकसित केल्या आहेत, तेव्हा हे धान्य आपल्याला परकं मुळीच नाही.

ड्युरममधली प्रथिनं शिजताना घट्ट जाळं धरतात आणि स्टार्च त्यात अडकून राहतो. त्यामुळे पास्ता पाण्यात विरघळत नाही. थंड झाल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि तुकडा आणखी घट्ट होतो. साध्या मैद्याचा पास्ता थंड झाला की त्याचा सहज गोळा होतो. ड्युरमचा तुकडा मात्र सुटा राहतो, ड्रेसिंग झेलतो आणि दुसऱ्या दिवशीही आकार सोडत नाही.

मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला ही गोष्ट आता कोणी सांगू नये. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याआधी १२७९ मध्येच जिनोआतल्या एका मृताच्या मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेल्या पेटीची नोंद झाली होती. त्याच्याही मागे, ११५४ मध्ये, सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी लिहिलेल्या भूगोलाच्या ग्रंथात अल्-इद्रीसीने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन केलं आहे. तिथे ‘इत्रिया’ नावाचा शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर बनत असे आणि जहाजं भरून मुस्लीम आणि ख्रिस्ती मुलखांत जात असे. वाळवलेला, टिकणारा, लांब पाठवता येणारा पास्ता बाजारात आला तो असा. पुढे नेपल्समध्ये कणीक साच्यातून दाबून काढणारी यंत्रं आली, ग्रान्यानोच्या वाऱ्यावर पास्ता वाळू लागला. पण तो खायचा तो गरमच.

थंड मॅकरोनीची वाट अमेरिकेत निघाली. थॉमस जेफरसनने मॅकरोनीच्या यंत्राचं रेखाटन करून ठेवलं होतं आणि १८०२ मध्ये अध्यक्षांच्या घरच्या मेजवानीत मॅकरोनीचा ‘पाय’ (pie) वाढला गेला. तरी ती हौस श्रीमंत घरांपुरतीच होती. सर्वसामान्य अमेरिकी माणसाला पास्ता मिळवून देण्यात एका कृषी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

मार्क कार्लटन कॅन्ससमध्ये वाढला होता. तांबेरा आणि अवर्षण गव्हाचं पीक कसं खातात हे त्याने पाहिलं होतं. रशियाच्या गवताळ मैदानांची हवा आपल्या मैदानांसारखीच आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि शतक पालटण्याच्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे तो रशियाला गेला. तिथून त्याने कुबान्का हा ड्युरम गहू आणला. डकोटाच्या कोरड्या जमिनीत तो तग धरून राहिला, पण गिरणीवाल्यांना नको होता. त्यांची यंत्रं मऊ गव्हासाठी लावलेली, दाणा फुटता फुटेना. कार्लटनने हार मानली नाही. १९०१ मध्ये त्याने मॅकरोनीच्या गव्हावर सरकारी पुस्तिका लिहिली आणि पेरणारा, दळणारा, खाणारा या तिघांनाही पटवत राहिला. पहिल्या महायुद्धाने इटलीहून येणारा माल अडवला, तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्यांच्या दाराशी हा गहू तयार होता. अमेरिकेच्या ड्युरमपैकी मोठा हिस्सा आजही नॉर्थ डकोटात पिकतो.

आता थंडपणाकडे. जर्मनीहून आलेला रिचर्ड हेलमन याने १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबस ॲव्हेन्यूवर खाद्यपदार्थांचं दुकान काढलं. त्याच्या मेयोनेजला एवढी मागणी आली की १९१२ च्या सुमारास ते बरण्यांत भरून विकलं जाऊ लागलं. अशा दुकानांत बटाट्याचं सॅलड आधीपासून होतंच. मॅकरोनी त्याच साच्यात बसली. ती स्वस्त होती, सोलावी लागत नव्हती. घरोघरी रेफ्रिजरेटर आल्यावर आदल्या दिवशी करून ठेवायचा हा पदार्थ पक्का झाला.

भाजलेलं गोमांस आणि थंड मॅकरोनी एका ताटात यायची सगळ्यात सुंदर जागा मात्र न्यूयॉर्कपासून फार दूर आहे. हवाईच्या उसाच्या मळ्यांत जपानी, चिनी, फिलिपिनो, कोरियन, पोर्तुगीज मजूर राबत. त्यांच्या दुपारच्या डब्यांतून आणि पुढे खाद्यगाड्यांतून ‘प्लेट लंच’ घडलं: दोन डाव भात, एक डाव मॅकरोनी सॅलड आणि मांस. मांस पुष्कळदा सोया आणि साखरेत मुरवून भाजलेलं तेरियाकी गोमांस. इथली मॅकरोनी मुद्दाम मऊ शिजवतात, गरम असतानाच व्हिनेगर मुरवतात, मग मेयोनेज आणि किसलेलं गाजर घालतात. खारट-गोड, धुरकट मांसाशेजारी हा गार, आंबूस घास किती शोभतो, हे त्या कष्टकरी लोकांनी कुठल्याही पाककलेच्या पुस्तकाआधी ओळखलं होतं.

मुख्य भूमीवर या दोघांची गाठ अंगणात पडली. १९५२ मध्ये शिकागोच्या जॉर्ज स्टीफनने धातूचा गोल बोया कापून झाकणाची शेगडी बनवली. तशा शेगड्या पसरल्या, स्टेक घराबाहेर भाजला जाऊ लागला आणि बाजूला मॅकरोनीचं भांडं आलं. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच कोलंबस ॲव्हेन्यूवर ‘सिल्व्हर पॅलेट’ हे दुकान उघडलं. १९८२ च्या त्यांच्या पुस्तकाने पेस्तोसारख्या भूमध्यसागरी चवी अमेरिकी घरांत रुजवल्या. त्या काळात मेयोनेजच्या जागी तेल-व्हिनेगर आलं, मॅकरोनीच्या जागी पीळदार फुसिली. मेयोनेज हटल्यावर मांसाच्या रसाला सॅलडमध्ये उतरायला जागा झाली, आणि शेजारी वाढला जाणारा स्टेक भांड्यात आला. माझ्या मते या पदार्थाचा खरा जन्म हाच.

कृतीतही हा इतिहास जागोजागी लागतो. फुसिलीचे पीळ ड्रेसिंग धरून ठेवतात, म्हणून ती निवडायची. पाण्यात मीठ भरपूर, कारण थंड घासाला चव कमी लागते. गरम पास्त्याला एरवी पाण्याखाली धरू नये. सॅलडसाठी मात्र धरावं, वरचा चिकट स्टार्च निघून जातो. तो कोमट असतानाच अर्धं ड्रेसिंग घालावं, म्हणजे आतपर्यंत मुरतं. स्टेक पोटाकडच्या पातळ भागाचा चांगला. त्याचे धागे लांब असतात, म्हणून काप नेहमी धाग्यांना आडवे घ्यायचे. अमेरिकेचं कृषी खातं आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती सांगतं. मी विश्रांती आणखी थोडी देतो, आणि ताटलीत साचलेला रस उरलेल्या ड्रेसिंगमध्ये फेटून घेतो. स्टेक अगदी वाढताना मिसळायचा. उरलं तर पास्ता आणि मांस वेगवेगळ्या डब्यांत ठेवावं. व्हिनेगरमध्ये रात्रभर पडलेलं मांस करडं पडतं, पास्ता मात्र सकाळी आणखी मुरलेला असतो.