कलाचित्रांच्या छपाईसाठी प्रिंटर निवडताना

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि देवदेवतांची चित्रे सामान्यांच्या घरातील भिंतींवर पोहोचली. त्या काळी प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे. आज चित्राची दर्जेदार प्रत काढण्याचे काम एका खोलीत मावणारा लार्ज फॉरमॅट प्रिंटर करतो. साहजिकच चित्रकार, छायाचित्रकार आणि लहान कलादालने असे यंत्र स्वतःच घेण्याचा विचार करतात. खरेदीच्या वेळी लक्ष बहुधा रुंदी, वेग आणि किंमत यांकडे जाते. मर्यादित आवृत्तीतील क्रमांकित प्रत घेणारा ग्राहक मात्र एका विश्वासाने पैसे मोजत असतो: रंग टिकतील. हा विश्वास खरा ठरणे शाई, कागद आणि यंत्राचा नियमित वापर या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

शाईने दिलेला धडा

संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ हा डिजिटल कलाछपाईचा स्टुडिओ सुरू केला. त्यासाठी वापरलेले ‘आयरिस ३०४७’ हे यंत्र मुळात व्यावसायिक छपाईची प्रूफे काढण्यासाठी बनवलेले होते आणि त्याची किंमत सुमारे सव्वा लाख डॉलर होती. याच स्टुडिओतील जॅक डुगान यांनी फवारा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ‘जिक्ले’ हे नाव रूढ केले. प्रती देखण्या निघत. परंतु शाई प्रूफासाठीची असल्याने ती उजेडात लवकर फिकी पडे. पुढे २००० च्या सुमारास टिकाऊ पिगमेंट शाईचे रुंद प्रिंटर बाजारात आले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. हे कण प्रकाशाला अधिक काळ दाद देत नाहीत. म्हणून कलाछपाईसाठी पाण्यावर आधारित पिगमेंट शाईचाच प्रिंटर घ्यावा. रस्त्यावरील फ्लेक्ससाठीचे सॉल्व्हंट प्रिंटर उन्हापावसाचा विचार करून बनवलेले असतात. सुती कागदावरील तरल रंगछटा हे त्यांचे क्षेत्र नव्हे.

चार मूळ रंगांच्या यंत्रावर त्वचेच्या किंवा आकाशाच्या हलक्या छटांत ठिपके जाणवू शकतात. त्यामुळे कलाछपाईच्या यंत्रांत करड्या व जादा रंगांची भर असते. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो मालिकेतील १२ शाईंच्या यंत्रांत ११ रंग आणि चकाकी समान करणारा एक पारदर्शक द्रव असतो. एप्सनच्या १२ रंगी शुअरकलर यंत्रांत नारिंगी, हिरवा व जांभळा यांचाही समावेश असतो. मॅट कागदासाठी व चकचकीत कागदासाठी वेगवेगळा काळा रंग लागतो. दोन्हींना स्वतंत्र मार्ग आहे का, हे विचारावे; नसल्यास प्रत्येक बदलात शाई वाया जाते.

रुंदी किती हवी?

२४ आणि ४४ इंच या प्रचलित रुंदी आहेत. जलरंगाचा फुल इम्पीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याची मूळ आकारातील प्रत २४ इंची रोलवर सहज निघते. ३६ इंच रुंद कॅनव्हास चौकटीवर ताणायचा असेल, तर दोन्ही बाजूंस दुमडण्यासाठी जागा सोडावी लागते आणि ४४ इंची यंत्रच घ्यावे लागते. मोठ्या आकारासाठी मूळ फाइलही तेवढीच सक्षम हवी. ३० बाय ४० इंचांच्या प्रतीसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास १०.८ कोटी, तर २०० धरल्यास ४.८ कोटी पिक्सेल लागतात.

हेड, हवामान आणि वापर

एप्सनच्या यंत्रांत स्फटिकाच्या कंपनाने शाई ढकलणारे पिएझो हेड असते. ते दीर्घकाळ चालते, पण बिघडल्यास बदलणे खर्चिक ठरते. कॅनन व एचपीच्या यंत्रांतील हेड उष्णतेवर चालते. ते झिजते, मात्र वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. दोन्ही प्रकारांना आळस मानवत नाही. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहिले, तर शाई सुकून नोझल तुंबतात आणि सफाईतच महागडी शाई संपते.

कोकणपट्टीतील पावसाळ्यात कागद ओलावा शोषून फुगतो व हेडला घासू शकतो. खोलीतील आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी, उरलेला रोल पिशवीत बंद करावा आणि यंत्राला यूपीएस जोडावा. कागद आम्लरहित सुती घ्यावा. फार शुभ्र दिसणाऱ्या कागदांत उजळपणा आणणारी रसायने असतात. त्यांचा परिणाम ओसरला की कागद पिवळसर दिसू लागतो.

हिशेब आधी मांडावा

समजा, यंत्राची किंमत पाच वर्षांत विभागून, देखभाल करारासह वर्षाला १,२०,००० रुपये पडते. बाहेरच्या लॅबमध्ये एका प्रतीला २,४०० रुपये लागतात आणि स्वतः छापल्यास शाई व कागदाचे ९०० रुपये. म्हणजे प्रतीमागे १,५०० रुपये वाचतात आणि वर्षाला ८० प्रती छापल्या, तरच यंत्र परवडते. वर्षाला वीस-पंचवीस प्रती विकणाऱ्या चित्रकाराने चांगली लॅब धरणे शहाणपणाचे. हिशेबात रद्द होणाऱ्या प्रती, मॉनिटरचे कॅलिब्रेशन आणि प्रत्येक कागदासाठीचे आयसीसी प्रोफाइल यांचाही खर्च धरावा.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे स्वतःची फाइल आणि स्वतःचा कागद नेऊन प्रत काढून पाहावी. तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून काही महिने खिडकीशी ठेवल्यास शाईची परीक्षा घरीच होते. जुने यंत्र घेताना समोर नोझल चेक काढून घ्यावा, हेडचे वय विचारावे आणि सुटे भाग आजही मिळतात का, याची खातरजमा करावी. स्वस्त पर्यायी शाई भरण्याचा मोह टाळावा, कारण टिकाऊपणाच्या चाचण्या ठरावीक शाई व ठरावीक कागदाच्या जोडीवरच झालेल्या असतात. कंपनीच्या दाव्यासोबत विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या संस्थेचे निष्कर्षही तपासावेत. शाई, कागद, छपाईची तारीख आणि आवृत्तीतील क्रमांक यांची नोंद प्रतीसोबतच्या प्रमाणपत्रावर करावी. पुढे एखादी प्रत फिकी पडल्याची तक्रार आली, तर कलावंताला उत्तर देण्यासाठी हीच नोंद उपयोगी पडते.