इचलकरंजीची 'मीरा' आणि आपल्या सिल्लोडचं वर्कशॉप

सिल्लोडमधल्या एखाद्या वर्कशॉपात डोकावून बघा. लेथवर शाफ्ट उतरतोय, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतायत, कोपऱ्यात मळणीयंत्र उघडून ठेवलंय. नवीन पार्ट यायची वाट कोण बघतो? इथं बनवूनच मिळतो. मग हे हात अख्खी गाडी बनवू शकतील का?

याचं उत्तर महाराष्ट्राने ७५ वर्षांपूर्वीच दिलंय.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. इंजिनियरिंगची पदवी नाही, पण १९४५ साली सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी बनवायला घेतली. १९४९ मध्ये पहिली दोन सीटची गाडी रस्त्यावर आली. नाव 'मीरा'. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं. पुढं पंचवीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. सत्तरच्या दशकात किंमत धरली होती साधारण १२ हजार रुपये!

मग कारखाना का नाही झाला? तो लायसन्सचा जमाना होता. गाडी बनवता येणं वेगळं आणि बनवायची परवानगी मिळणं वेगळं. 'मीरा' कधीच बाजारात आली नाही. छोट्या गाडीचं स्वप्न अखेर डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ने पूर्ण केलं, तेही सरकारी कंपनी आणि जपानच्या सुझुकीच्या साथीने.

पुढचा किस्सा तुम्हाला आठवत असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी बनवली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही नियमात बसणार नाही हेही सांगितलं आणि २०२२ च्या जानेवारीत बदल्यात बोलेरो दिली. टाळ्या वाजल्या. पण रस्ता त्या गाडीलाही मिळाला नाही.

आता पोरांना टर्बोचं वेड आहे. टर्बो म्हणजे काय? इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं. मॅनिफोल्ड आपला वेल्डरही बनवेल. पण दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. ऑइल कमी पडलं की बेअरिंग गेलंच. आणि ताकद वाढवली, ब्रेक मात्र तेच ठेवले, तर जीव जातो. म्हणून नियम हवेतच, यात वाद नाही.

सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाही. कायद्यात आता बेकायदा बदलाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

माझा मुद्दा एवढाच आहे. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी असली तरी ती तपासणीला नेता येते. ब्रेक, दिवे, धूर सगळं बघतात. पास झाली तर नंबर मिळतो. आपल्याकडे पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, पण तिथली प्रोटोटाइप चाचणी कंपन्यांच्या हिशोबाने चालते. एकट्या कारागिराला ती पेलणार कशी?

नापास करा, चालेल. पण परीक्षेला तरी बसू द्या. शंकररावांना तेवढंच हवं होतं.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की लिहा.