मेंटॉस–सोडा कारंजे

मेंटॉस–सोडा कारंजे हा शाळांमधील विज्ञान प्रदर्शनांत लोकप्रिय असलेला एक प्रयोग आहे. वायुयुक्त शीतपेयाच्या बाटलीत मेंटॉस या नाममुद्रेच्या गोळ्या टाकल्या असता काही सेकंदांत फेसाचा फवारा तोंडातून उसळतो. अनुकूल स्थितीत तो काही मीटर उंच जातो. ही आम्ल व अल्कली यांची रासायनिक अभिक्रिया आहे असा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो, परंतु ती मुख्यतः भौतिक प्रक्रिया आहे. या गैरसमजाला मराठीतील ‘सोडा’ हा शब्दही काहीसा कारणीभूत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या उदाहरणावरून हा भेद चांगला स्पष्ट होतो.

इतिहास

१९८० च्या दशकात अमेरिकेतील शिक्षक हा प्रयोग ‘लाइफसेव्हर्स’ या भोक असलेल्या गोळ्यांनी करीत. पुढे त्या गोळ्यांचा आकार वाढला, त्या बाटलीच्या तोंडातून जाईनाशा झाल्या आणि त्यांची जागा मेंटॉसने घेतली. १९९९ मध्ये ली मारेक यांनी डेव्हिड लेटरमन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आणि २००५ मध्ये स्टीव्ह स्पँग्लर यांनी डेन्व्हर येथील वाहिनीवर हा प्रयोग दाखविला. २००६ साली फ्रिट्झ ग्रोब आणि स्टीफन व्होल्ट्झ यांची चित्रफीत आंतरजालावर पसरल्यावर तो जगभर पोहोचला.

कार्यकारणभाव

शीतपेयात कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळविलेला असतो. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या सम प्रमाणात असते, हा विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेला नियम होय. कोलाच्या एका लिटरात साधारण ६ ते ७ ग्रॅम वायू असतो. म्हणजे दोन लिटरच्या बाटलीतला सारा वायू बाहेर आला, तर तो सुमारे ७ लिटर जागा व्यापेल. झाकण उघडताच दाब उतरतो आणि द्रव अतिसंपृक्त होतो. तरीही सारा वायू लगेच बाहेर पडत नाही, कारण बुडबुड्याचा जन्म अवघड असतो. अतिसूक्ष्म बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण चिरडून टाकतो. ठरावीक आकार ओलांडला तरच तो वाढत जातो.

ही अडचण गोळी दूर करते. गुळगुळीत दिसणाऱ्या गोळीच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खाचा असतात. त्यांत हवा अडकून राहते आणि बुडबुड्याला आयताच आरंभबिंदू मिळतो. गोळी जड असल्याने वेगाने तळाशी जाते, त्यामुळे बुडबुडे खालून सुटतात आणि वर येताना आणखी वायू गोळा करून वरच्या द्रवाला ढकलतात. गोळ्यांचा चुरा टाकला तर तो सावकाश बुडतो आणि कारंजे बुटके राहते.

२००८ मध्ये अमेरिकेतील ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाच्या टोन्या कॉफी यांनी या प्रयोगाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. कारंज्याच्या आधी व नंतर पेयाचा सामू त्यांना सारखाच आढळला, म्हणजे आम्ल खर्च झालेले नव्हते. कॅफिनचाही लक्षणीय परिणाम दिसला नाही. याउलट गोळीच्या आवरणातील डिंक आणि साखरविरहित पेयातील ॲस्पार्टेम यांमुळे बुडबुडे फुटून निघणे सोपे होते. म्हणून ‘डाएट’ पेयाचे कारंजे अधिक जोरदार असते.

लोणारचा सोडा आणि बाटलीतला सोडा

मराठीत ‘सोडा’ या एकाच शब्दाने निरनिराळे पदार्थ ओळखले जातात. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. गोटी सोड्यात मात्र मूलतः पाणी आणि दाबाखाली भरलेला कार्बन डायऑक्साइड असतो. बेसाल्ट खडकातील उल्काघाताने तयार झालेले लोणार सरोवर पहिल्या दोन क्षारांचे आहे. त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असून पूर्वी तेथून खार काढला जात असे. इतक्या अल्कधर्मी पाण्यात कार्बन कार्बोनेट व बायकार्बोनेट आयनांच्या रूपात बांधलेला असतो आणि मुक्त वायू जवळजवळ नसतो. त्यामुळे अशा पाण्यात कितीही खडबडीत गोळी टाकली तरी फेस येणार नाही. तेथे वायू सोडविण्यासाठी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांसारखे आम्लच लागते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा शालेय ‘ज्वालामुखी’ या दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रदर्शनातील तक्त्यांवर दोन्ही प्रयोगांना एकच स्पष्टीकरण दिलेले आढळते, ते चुकीचे आहे.

उंची व तापमान

टॉम कुंट्झलमन आणि रायन जॉन्सन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समुद्रसपाटीखालील डेथ व्हॅलीपासून ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकपर्यंत हा प्रयोग करण्यात आला. हवेचा दाब जसा घटतो, तसा फेस वाढतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, तर घाटाखालील मलकापूर त्याहून सुमारे ४०० मीटर खाली. दोन्ही ठिकाणच्या दाबात केवळ चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो. त्याचा परिणाम साध्या डोळ्यांना दिसणे कठीण आहे. तापमानाचा प्रभाव मात्र ठळक असतो. गरम द्रवात वायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हात तापलेली बाटली बर्फातल्या बाटलीपेक्षा कितीतरी जोराने उसळते.

दक्षता

प्रयोग मोकळ्या जागी, प्लॅस्टिकच्या बाटलीने करतात. गोटी सोड्याची किंवा अन्य काचेची बाटली वापरू नये. गोळ्या टाकल्यावर झाकण लावणे धोकादायक आहे, कारण वाढलेल्या दाबाने ते जोराने उडू शकते. गोळ्या एकामागून एक टाकल्यास वायू हळूहळू वाया जातो. म्हणून त्या कागदाच्या नळीत रचून एकदम सोडतात.